चढाला बसणारी जीप

सासऱ्यांच्या खुब्याचं हाड मोडलं ते थंडीत, गोठ्याच्या दारात. राजगुरुनगरच्या पश्चिमेला धरणाच्या पाण्याला वळसा घालून गेलं की डोंगराच्या पायथ्याशी एक गाव लागतं. तिथपर्यंत डांबरी रस्ता आहे आणि एसटी जाते. सासऱ्यांचं घर त्या गावाच्या वर, पठारावरच्या वाडीत. मधली वाट दगडांची आहे. तिच्यावरून ट्रॅक्टर जातो, दुचाकी जाते, साधी मोटार जात नाही. हाड मोडल्यावर त्यांना खाली आणलं ते डोलीतून, चार माणसांच्या खांद्यावर. पिंपरीतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि तिथून ते आमच्या चिंचवडच्या फ्लॅटवर आले.

सासूबाई आल्या नाहीत. ऑपरेशनच्या दिवशी त्या दवाखान्यात बसून होत्या. नवऱ्याने डोळे उघडलेले पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत गेल्या. घरी दोन म्हशी होत्या. "जनावरं कुणाच्या गळ्यात घालू?" एवढंच त्यांनी विचारलं.

वाडीत मोबाइलला रेंज नाही. वाटेवर एका वळणाला मोठा काळा खडक आहे, त्यावर उभं राहिलं तर रेंज येते. सासूबाई रोज संध्याकाळी दूध काढून झालं की त्या खडकापर्यंत चालत खाली येत आणि फोन करत. सासरे तेव्हा आमच्या बाल्कनीत खुर्चीवर बसलेले असत. फोनचा आवाज मोठा ठेवावा लागे, त्यामुळे सगळं बोलणं घरभर ऐकू येई.

"जेवला का?"

"जेवलो."

"काय?"

"पोळी."

"भाकरी न्हाई?"

"हितं पोळीच असती."

मग वाऱ्यावर आवाज चढवून त्या सांगत.

"थोरली म्हैस पान्हा चोरती. तुमचा हात मागती."

"सांग तिला, येतो म्हणावं."

रोज थोड्याफार फरकाने हेच. डॉक्टरांनी चैत्र लागताना सांगितलं की हाड जुळलं आहे, वॉकर धरून चालायला हरकत नाही, गाडीत सरळ बसून प्रवास चालेल. दुचाकी नको, ट्रॅक्टरचे धक्के नकोत. सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर मला म्हणाले, "पाव्हणं, पाऊस पडायच्या आत मला वर घाला. नंतर न्हाई."

नंतर म्हणजे दिवाळीनंतर. पावसाळ्यात त्या वाटेचा ओढा होतो आणि ती कार्तिकापर्यंत तशीच राहते. म्हणजे वर जायचं तर उन्हाळ्यात, नाहीतर नवरा फ्लॅटच्या बाल्कनीत आणि बायको खडकावर, असं आणखी निम्मं वर्ष. आणि पावसात ती खडकापर्यंत तरी कशी येणार होती?

माझ्या बायकोने डोलीचं सुचवलं. खाली डोलीतून आलात तसे वरही जाल, म्हणाली. सासऱ्यांनी हात उडवला.

"पोरी, डोली खाली यायला असती. वर कुणी डोलीत जातं का? वाडी म्हणंल, दवाखान्यानं मरायला परत लावून दिला."

"लोकांचं काय एवढं?"

"लोकांचं न्हाई. तुझ्या आईचं. ती खडकावर उभी राहून बघणार. डोली वर येताना बघितली तर तिथंच बसंल ती."

डोलीचा विषय तिथे संपला. राजगुरुनगरहून भाड्याच्या जीपवाल्यांना विचारलं. एकजण पायथ्यापर्यंत आला, वाटेवर थोडं चालून गेला, परत आला आणि म्हणाला, "स्प्रिंगचा पाटा तुटंल, साहेब. तुम्ही नवा घालून देणार का?" दुसरा फोनवरच हसला. शिवाय काम एका खेपेचं नव्हतं. सासऱ्यांना तपासणीसाठी खाली आणावं लागणार, परत न्यावं लागणार. चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप घ्यायची असं ठरलं. ते ठरवणं सोपं होतं.

जुन्या डिझेल जिपांना आता भलतंच मोल आलं आहे. हिंजवडीत काम करणारे तरुण त्या घेतात, मोठी चाकं लावतात आणि शनिवार-रविवारी मावळातल्या चिखलात घालतात. ज्या जीपने पूर्वी कांद्याच्या गोण्या ओढल्या तिला आता पुढे रुतलेली गाडी ओढून काढायची चरखी आणि वर दिव्यांची रांग असते. त्या सगळ्या माझ्या आवाक्याबाहेर होत्या. उरल्या पेट्रोलच्या, आणि त्यातही गॅसवर केलेल्या. गॅस म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरात असतो तसलाच, प्रोपेन आणि ब्युटेनचा. तो भरायला गाडीत वेगळी टाकी बसवलेली असते. काही वर्षांपूर्वी खर्च वाचवायला लोकांनी जिपांना हे किट बसवलं, मग सीएनजी आला आणि या गाड्यांकडे कुणी बघेना. म्हणून ती आम्हाला मिळाली.

विकणारा चाकण-तळेगाव रस्त्यावर होता. दोन कंपन्यांच्या गोदामांमध्ये एक मोकळी जागा, तिच्यावर पत्र्याची शेड, शेडपुढे जिपा ओळीने उभ्या. घराणं तिथलंच, जमीन कंपन्यांना गेलेली. त्याचे वडील आणि आजोबा चाकणच्या बाजारात बैलांचे व्यापारी होते. बैल गेले, जिपा आल्या, पण रीत त्याने बदलली नव्हती. भाव ठरवताना त्याने माझा हात उपरण्याखाली घेतला आणि बोटं दाबली. शेजारच्या चहावाल्याला आणि ट्रेलरच्या दोन ड्रायव्हरांना साक्षीदार म्हणून उभं केलं होतं. भाव किती ठरला हे त्यांनाही कळलं नाही आणि इथेही त्याचं काम नाही. भावाच्या आधी त्याने जे सांगितलं त्याचं आहे.

"हितं बैलबाजाराची रीत चालती, साहेब. तुम्ही विचाराल त्याला खरं उत्तर. खोटं निघालं तर या तिघांदेखत गाडी परत घेतो. पण न विचारलेलं मी सांगत न्हाई."

"का?"

"सगळंच सांगत बसलो तर गिऱ्हाईक उभं राहतं का?"

साक्षीदार हसले. मला ती अट चांगलीच वाटली. नोकरीची सगळी वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली होती. तिथे कुणी खरं उत्तर देण्याची हमी आधी देत नाही. मी त्याला सांगितलं की सासऱ्यांना डोंगरावरच्या वाडीत न्यायचं आहे, वाट दगडांची आहे, आणि विचारायला लागलो.

"गॅसवर चालते?"

"चालती."

"फोर बाय फोर लागतो?"

"लागतो. आत्ता लावून दावतो." लावून दाखवला.

"गॅसकिटची नोंद आरसीवर आहे?"

"हाय. वाचा."

"टाकीची तपासणी?"

"झालीय. टाकीवर पाटी हाय, बघा."

"पेट्रोलची टाकी आहे?"

"हाय."

"अपघात?"

"एकदा. डावा मडगार्ड. बैलानं ढुशी दिली."

"का विकता?"

"अवो, विकायचाच धंदा हाय माझा."

सासऱ्यांना मी बरोबर नेलं होतं, कारण बसायचं त्यांना होतं. ते प्लास्टिकच्या खुर्चीत वॉकर पुढ्यात धरून बसले होते. पिंपरीतल्या गिअरच्या कारखान्यात त्यांची नोकरी तपासणी विभागात झाली होती. माल हातात घ्यायचा, गेज लावायचं, पास किंवा रिजेक्ट. जीपकडे ते तसंच बघत होते. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: मागच्या सीटला पाठ टेकते का, आणि धरायला दांडी आहे का. पाठ टेकत होती. दांडी नव्हती. "बसवून देतो, मामा," विकणारा म्हणाला, आणि ती त्याने खरोखरच पक्की बसवून दिली.

मग चाचणी. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात जुनी गाडी घेणारा माणूस एकच चाचणी मानतो: चाकणच्या चौकातली कोंडी. संध्याकाळी शिफ्ट सुटते, कामगारांच्या बस, कंटेनर, ट्रेलर आणि दुचाकी एकदम रस्त्यावर येतात आणि सगळं जागच्या जागी थांबतं. त्यात इंजिन तापलं नाही, क्लच जळाला नाही, गाडी बंद पडली नाही, तर गाडी चांगली. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण इथे ते सगळ्यांना मान्य आहे. विकणाऱ्याने जीप मुद्दाम त्या वेळेला चौकात घातली. आमच्या पुढे नव्याकोऱ्या मोटारींनी भरलेला ट्रेलर होता, मागे कंपनीची बस. आम्ही पहिल्या गिअरमध्ये, मग न्यूट्रलमध्ये, मग पुन्हा पहिल्यात. अंधार पडायला लागला तेव्हा आम्ही चौकाच्या पलीकडे पोचलो. तापमानाचा काटा हलला नव्हता.

"बघा," विकणारा म्हणाला. "चाकणच्या चौकात तापली न्हाई ती गाडी कुठंबी जाती."

"पास," सासरे मागून म्हणाले.

मलाही तेच वाटलं. सपाट रस्त्यावर उभी असलेली गाडी आम्ही तिघांनी मिळून डोंगरासाठी पास केली.

कागदपत्रं झाली. गॅस मात्र मिळेना. विकणाऱ्याने टाकीत तळाशी थोडासाच ठेवला होता. भोसरीकडच्या एका पंपावर गेलो तर फलक होता, पण नळी गोणपाटात गुंडाळून ठेवलेली. "रिक्षा सगळ्या सीएनजीला गेल्या, साहेब. आम्ही कुणाला भरायचा?" निगडीजवळ दुसरा पंप होता. तिथलं मशीन बिघडलेलं, सुटा भाग यायचा होता. कधी येईल? "मागवलाय." आठवड्याने पुन्हा गेलो. "मागवलाय."

तिसऱ्या ठिकाणी बायकोने आधी फोन केला. गॅस मिळतो का, विचारलं. मिळतो, म्हणाले. आम्ही जाऊन रांगेत उभे राहिलो. पुढे रिक्षा, मागे रिक्षा, ऊन डोक्यावर. नंबर आला तेव्हा पंपावरच्या माणसाने जीपची गॅस भरायची टोपी उघडून बघितली आणि म्हणाला, "हे एलपीजीचं आहे. आपल्याकडे सीएनजी."

"फोनवर मिळतो म्हणालात," बायको म्हणाली.

"मिळतो की. सीएनजी गॅसच आहे, ताई. कुठला पाहिजे ते विचारायचं होतं."

मागच्या रिक्षावाल्याला आमची कणव आली असावी. तो उतरून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, घरचा सिलिंडर उलटा करून भरून देणारा माणूस आहे माझ्याकडे. नंबर देऊ?" ते बेकायदा होतं आणि त्यात माणसं भाजतात. मी नको म्हणालो. त्याने खांदे उडवले. "मग हीच पेटवून द्या," तो जीपकडे बोट करून म्हणाला आणि मागे हॉर्न वाजायला लागले.

शेवटी पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सोलापूरच्या रस्त्यावर एक पंप चालू सापडला. तिथे टाकी भरून घेतली. किती गॅस आहे ते दाखवायला डॅशबोर्डवर चार हिरवे दिवे होते, चारही लागले. चिंचवडला परत येईपर्यंत तीन राहिले. जीप गॅस भरायला नेण्यातच गॅस जात होता. एव्हाना वैशाख संपत आला होता आणि रोज दुपारी पश्चिमेकडे ढग जमायला लागले होते. सासरे बाल्कनीतून ते बघत. खडकावरून फोन आला की सासूबाई विचारत, "मिळाला का गॅस?" शेजारी मला भेटले की तेच विचारत.

आणखी एक दिवा विझण्याची वाट न बघता निघायचं ठरवलं. खबरदारी म्हणून मी पेट्रोलच्या टाकीत दोन कॅन पेट्रोल ओतलं. टाकीत ते राहिलं, गळालं नाही, म्हणून समाधान झालं.

सकाळी लवकर निघूनही चाकणच्या चौकात अडकलोच. यावेळी मला त्या कोंडीचं कौतुक नव्हतं. राजगुरुनगरला चहा झाला तेव्हा दोन दिवे होते. धरणाच्या कडेने रस्ता मोकळा होता, जीप चांगली चालली, सासऱ्यांनी दांडी एका हाताने धरली होती आणि दुसऱ्या हाताने ते लेकीला कुणाची जमीन कुठून कुठपर्यंत बुडाली ते दाखवत होते. पायथ्याच्या गावात मी फोर बाय फोर लावला. चढ सुरू झाला. पहिली दोन वळणं जीप सहज चढली. दगडांवरून चाकं एकेक करून वर येत होती, सासऱ्यांना फार धक्के बसत नव्हते. मी मनातल्या मनात विकणाऱ्याबद्दल बरं बोललो.

खडकाच्या खालच्या वळणावर चढ एकदम उभा होतो. तिथे जीपने दोनदा आचका दिला आणि इंजिन बंद पडलं.

पुन्हा चालू केलं. झालं. थोडं वर गेलं, बंद. बायकोने उतरून चाकांमागे दगड लावले. मी डॅशबोर्डवरचं गॅसचं बटण पेट्रोलवर फिरवलं आणि किल्ली फिरवली. काहीच नाही. खाली वाकून बघितलं तेव्हा दिसलं की पेट्रोलच्या टाकीपासून निघालेली नळी मध्येच तोडलेली आहे आणि तिच्या तोंडात बोल्ट ठोकून ती बंद केलेली आहे. टाकी होती. तो खोटं बोललेला नव्हता.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

"तुम्ही तर सगळे प्रश्न विचारलेत ना?" बायको म्हणाली. "घरी येऊन सांगत होतात, एक प्रश्न सोडला नाही म्हणून."

वाडीतली दोन माणसं खाली येत होती. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, टायरवर पाय मारला, आत बघून सासऱ्यांना रामराम केला.

"तात्या, डोली आणू का? इथनं काय लांब न्हाई."

"न्हाई."

"अवो, घर दिसतंय की इथनं."

"दिसू दे. मी गाडीतच बसून राहतो. दिवाळीपतूर."

ते चेष्टेत बोललेले नव्हते हे मला, बायकोला आणि त्या दोघांनाही कळलं. मी खडकाकडे चढायला लागलो, कारण विकणाऱ्याला फोन करायचा तर रेंज तिथेच होती.

खडकावर सासूबाई उभ्या होत्या. आम्ही आज येणार हे त्यांना माहीत होतं. दुपारची वेळ होती, तरी त्या येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी खाली जीप थांबलेली पाहिली होती.

"माणूस कसा हाय?"

"बरे आहेत, मामी. गाडी बसली."

"माणूस बरा हाय नव्हं? मग गाडीचं गाडी बघंल," म्हणाल्या आणि पदर खोचून खाली निघाल्या.

विकणाऱ्याने फोन लगेच उचलला.

"चढाला बंद पडते," मी म्हणालो.

"दिवे किती?"

"दोन."

"मग बसणारच, साहेब. टाकी लांबीत बसवलीय. गॅस उचलायचं तोंड पुढच्या टोकाला. गाडीचं नाक वर झालं की गॅस मागं पळतो, तोंड कोरडं पडतं. भरल्या टाकीवर जाती. अर्ध्या टाकीवर चढाला बसती."

"हे तुम्ही सांगायला हवं होतं."

"तुम्ही विचारलं न्हाई."

"कसं विचारणार? टाकीचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे मला काय माहीत?"

"तोंडाचं कशाला विचारायचं? चढाला बसती का, एवढं विचारायचं. बैल घेताना माणूस पयलं तेच विचारतो, ओढताना बसतो का. तुम्ही समदी कागदं विचारली."

"डोंगरावर न्यायची आहे हे मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं."

"व्हय, सांगितलंत. विचारलं न्हाई."

माझ्याकडे बोलायला बरंच होतं. खाली जीपजवळ सासूबाई पोचल्या होत्या आणि मागच्या सीटजवळ उभ्या होत्या. आकाश भरून येत होतं.

"आता काय करू?" मी विचारलं.

"हां. आता विचारलंत. उलटी घ्या."

"म्हणजे?"

"तोंड खाली करा नि रिव्हर्समदी वर चढवा. शेपूट वर झालं की गॅस पुढं येतो. रिव्हर्सला जोर बी जास्ती असतो. मामांना सांगा दांडी धरून बसा."

"आणि पेट्रोलच्या टाकीचं काय? नळी तोडून..."

"टाकी हाय म्हणालो," तो म्हणाला, आणि रेंज गेली, किंवा त्याने फोन ठेवला.

जीप उताराने खाली सोडली. वळणाखाली थोडी रुंद जागा होती, तिथे ती वळवली. शेपटी डोंगराकडे, तोंड खोऱ्याकडे. मी सीटमध्ये अर्धा मागे वळून बसलो, एक हात सीटच्या पाठीवर. वाडीतली दोन माणसं माझ्या मागे, म्हणजे आता वर, उभी राहून हातवारे करायला लागली. "येऊ द्या. येऊ द्या. डावा. तुमचा डावा न्हाई, माझा. थांबा, धोंडा हाय. आता येऊ द्या."

जीप चढली. ज्या वळणावर बसली होती ते वळण तिने एका दमात, पाठमोरी, पार केलं. मला त्याचा आनंद झाला नाही. मान आखडली होती, आरशात फक्त माती दिसत होती, आणि ज्या कामासाठी इतक्या खटपटी करून गाडी घेतली ते काम ती उलटी चालूनच करणार होती.

सासरे पुढे तोंड करून बसले होते, त्यामुळे ते वर जात होते आणि बघत होते खाली. धरणाचं पाणी, पायथ्याचं गाव, एसटीचा रस्ता, सगळं त्यांच्यापुढे हळूहळू लहान होत होतं. सासूबाई जीपच्या बाजूने चालत होत्या, एक हात दारावर ठेवून. जीपचा वेग त्यांच्या चालण्याएवढाच होता.

"खाली जाताना दिसतं हे समदं," सासरे म्हणाले. "घरी जाताना पाठीला असतंय."

"गप बसा. दांडी धरा."

"धरलीय."

"पोळ्यांनी वाळलाय नुसता."

"म्हैस कशीय?"

"तिला इचारा. मला काय इचारता?"

खडक मागून येऊन बाजूने गेला आणि पुढे खाली राहिला. पठार लागलं. घराच्या अंगणाशी एक छोटा चढ आहे, तो चढून जीप दाराशी लावायची, म्हणजे सासऱ्यांना चालावं लागणार नाही. मी रिव्हर्समध्येच ती आत घ्यायला लागलो तेव्हा सासूबाई पुढे होऊन आडव्या उभ्या राहिल्या.

"पाठमोरी न्हाई."

"का, मामी?"

"पाठमोरी गाडी दारात मढ्याची लावतात. सरळ आणा."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. दोघा माणसांनीही माना डोलावल्या. मी जीप पठारावर वळवली, नाक घराकडे केलं, अंगणाच्या चढाला लावली. नाक वर झालं, दोन आचके आणि इंजिन बंद. पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद. बायको खाली उतरून दगड शोधायला लागली. एक दिवा विझला. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. घराचं दार समोर होतं आणि गाडी तिथे सरळ जाणार नव्हती, आणि उलटी जाऊन चालणार नव्हतं.

"असू द्या, पाव्हणं," सासरे मागून म्हणाले. "मी चालतो."

"चढ आहे, मामा."

"माझी टाकी भरलेली हाय."

बायकोने वॉकर काढून दिला. दांडी धरून ते उतरले आणि उतरले तेव्हा त्यांचं तोंड खोऱ्याकडेच होतं. मग ते वळले. वॉकर उचलायचा, ठेवायचा, पाय सरकवायचा, पुन्हा उचलायचा. कुणी हात लावला नाही, कारण सासूबाईंनी कुणाला पुढे होऊ दिलं नाही. घराकडे तोंड झाल्यावर ते थोडे थांबले. सासूबाई आतून भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तुकडा त्यांच्यावरून ओवाळून लांब टाकला, पायांवर पाणी घातलं. ते चढ चढले, दाराशी आले आणि दारातून आत न जाता गोठ्याकडे वळले. आतून म्हशीचा आवाज आला, मग त्यांचा.

जीप अंगणाखालीच राहिली. रात्री पाऊस आला तर ती उद्या खाली कशी न्यायची हे मला बघायचं होतं. उतारावर नाक खाली असतं, म्हणजे गॅस मिळेल, हे आता कळलं होतं. पण दिवा एकच होता. शिवाय विकणाऱ्याशी माझं बोलणं अर्धंच झालं होतं. संध्याकाळी दूध काढण्याची वेळ झाली तेव्हा मी चालत खडकापर्यंत गेलो आणि त्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

खडकावर एका जागी दगड गुळगुळीत झालेला होता, माणूस रोज टेकतो तसा. सासूबाईंच्या फोनच्या त्या वेळेला तिथे मी एकटाच होतो.